वारसा स्थळं आणि स्पर्धा परीक्षा: मुलं पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

अभ्यासिकेत कला-संस्कृतीचा भाग सुरू केला की पहिल्या तासाच्या आत कुणीतरी विचारतंच, "सर, जागतिक वारसा स्थळांची ही यादी पाठच करायची ना?" त्या प्रश्नाचं उत्तर आणि त्याच्या मागोमाग येणाऱ्या इतर प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतोय. राज्यसेवा, युपीएससी, संयुक्त गट ब-क, तलाठी, पोलीस भरती अशा कुठल्याही परीक्षेच्या मुलांना चालतील. कुणाला किती खोल जायचं, ते ज्याने-त्याने आपला अभ्यासक्रम बघून ठरवावं.

भारतात जागतिक वारसा स्थळं नेमकी किती? प्रत्येक पुस्तकात आकडा वेगळा का?

जुलै २०२५ च्या बैठकीनंतर ४४. त्यांत ३६ सांस्कृतिक, ७ नैसर्गिक आणि १ मिश्र. तुमच्या पुस्तकात ४० किंवा ४२ छापलं असेल तर पुस्तक जुनं आहे, एवढाच त्याचा अर्थ. युनेस्कोची जागतिक वारसा समिती साधारण वर्षातून एकदा बसते आणि आकडा पुढे सरकतो. म्हणून मी हा आकडा वहीत पेन्सिलीने लिहायला सांगतो आणि शेजारी साल टाकायला लावतो. ज्या वर्षी परीक्षा, त्या वर्षीची बैठक कधी झाली आणि त्यात आपलं काय लागलं, हे चालू घडामोडींत पाहून खोडरबर वापरायचा.

४४ नावं डोक्यात राहत नाहीत. काय करू?

आधी पाकीट काढा. दहाच्या नोटेमागे कोणार्कचं सूर्यमंदिर, वीसच्या मागे वेरूळ, पन्नासच्या मागे हंपीचा दगडी रथ, शंभरच्या मागे पाटणची राणी की वाव, दोनशेच्या मागे सांची, पाचशेच्या मागे दिल्लीचा लाल किल्ला. नव्या मालिकेतल्या या सहाही नोटांवरची ठिकाणं जागतिक वारसा यादीत आहेत. चहाचे पैसे देताना ओडिशा, महाराष्ट्र, कर्नाटक, गुजरात, मध्य प्रदेश आणि दिल्ली अशी उजळणी फुकटात होते. सहा झाली, उरली ३८.

त्यांच्यासाठी यादी अकारविल्हे किंवा राज्यवार न वाचता ती ज्या क्रमाने वाढली त्या क्रमाने वाचा. १९८३ साली पहिल्याच वर्षी चार नावं लागली: अजिंठा, वेरूळ, आग्र्याचा किल्ला, ताजमहाल. तिथपासून १९८९ च्या सांचीपर्यंत सात वर्षांत आकडा १९ वर गेला. त्यातली १४ नावं म्हणजे शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातली चित्रंच: कोणार्क, महाबलीपुरम, खजुराहो, हंपी, फत्तेपूर सिक्री, पट्टदकल, गोव्यातली चर्च, तंजावरचं बृहदीश्वर मंदिर, घारापुरी वगैरे. उरलेली पाच नैसर्गिक स्थळं. मग सगळं थंडावलं. नव्वदच्या दशकात फक्त तीन: १९९३ ला हुमायूनची कबर आणि कुतुबमिनार, १९९९ ला दार्जिलिंगची रेल्वे.

ही दार्जिलिंगची गाडी मला महत्त्वाची वाटते, कारण तिच्यापासून यादीचा स्वभावच बदलतो. राजाने बांधलेलं देऊळ किंवा कबर एवढ्यावर वारसा थांबत नाही, हे त्यानंतरच्या नावांत दिसतं. २००३ ला भीमबेटकाच्या प्रागैतिहासिक चित्रांच्या शैलगुहा, २००४ ला मुंबईचं रेल्वे स्टेशन, २०१० ला जयपूरचं जंतरमंतर म्हणजे वेधशाळा, २०१४ ला पाटणची पायऱ्यांची विहीर (राणी की वाव), २०१६ ला चंदीगडचं काँक्रीटचं कॅपिटॉल कॉम्प्लेक्स, २०१७ ला अहमदाबादचं अख्खं जुनं शहर. २०२३ ला शांतिनिकेतन. २०२४ ला आसामातले चराईदेवचे मोईदाम, म्हणजे अहोम राजघराण्याच्या दफनाचे मातीचे उंचवटे. ईशान्य भारतातलं ते पहिलं सांस्कृतिक स्थळ. असं वाचलं की नावं एकमेकांना धरून येतात.

प्रत्येकाचं साल पाठ असायलाच हवं का?

नाही. पहिली चार, महाराष्ट्रातली सगळी आणि गेल्या पाच-सहा वर्षांतली, एवढी सालं पक्की ठेवा. बाकीच्यांचं दशक कळलं तरी कालानुक्रमाचा प्रश्न सुटतो.

एक गंमत मात्र बघून ठेवा. २०२१ मध्ये दोन (रामप्पा मंदिर आणि धोलावीरा), २०२३ मध्ये दोन (शांतिनिकेतन आणि होयसळ मंदिरं), पण २०२४ आणि २०२५ मध्ये एकेकच. असं का? २०२० पासून एका देशाला वर्षाला एकच प्रस्ताव पाठवता येतो. २०२० ची बैठक कोविडमुळे पुढे गेली आणि दोन वर्षांचे प्रस्ताव २०२१ ला एकदम आले. २०२२ ची बैठक रशियातल्या कझानला व्हायची होती, ती युक्रेन युद्धामुळे टळली आणि दोन वर्षांचं काम २०२३ ला रियाधमध्ये उरकलं. कारण कळलं की साल वेगळं पाठ करावं लागत नाही.

"एक स्थळ" म्हणजे एक जागा, बरोबर?

इथेच सगळ्यात जास्त गुण जातात. यादीतली एक नोंद म्हणजे एक जागा असेलच असं नाही.

राजस्थानचे डोंगरी किल्ले ही २०१३ ची एक नोंद आहे, किल्ले मात्र सहा: चित्तोडगड, कुंभलगड, रणथंबोर, गागरोन, आमेर आणि जैसलमेर. पश्चिम घाट ही २०१२ ची एक नोंद, पण तिच्यात चार राज्यांतली ३९ क्षेत्रं आहेत: केरळ २०, कर्नाटक १०, तमिळनाडू ५, महाराष्ट्र ४. चोल मंदिरांच्या नोंदीत १९८७ ला फक्त तंजावर होतं, २००४ ला गंगैकोंडचोलपुरम आणि दारासुरम जोडले गेले. एकूण आकडा तसूभरही वाढला नाही. पर्वतीय रेल्वेचंही तसंच. १९९९ ला दार्जिलिंग, २००५ ला निलगिरी, २००८ ला कालका-शिमला, तिन्ही मिळून नोंद एक. माथेरानची गाडी त्यात नाही, हे आपल्याकडच्या मुलांना दरवेळी सांगावं लागतं. चंदीगडचं कॅपिटॉल कॉम्प्लेक्स तर ल कॉर्बुझिए या वास्तुविशारदाच्या कामाच्या सात देशांत विभागलेल्या नोंदीचा एक तुकडा आहे.

उलट प्रकारही होतो. सुंदरबन हे एकच सलग खारफुटीचं जंगल, पण भारताच्या बाजूचं १९८७ ला नोंदलं गेलं आणि बांगलादेशच्या बाजूचं १९९७ ला, स्वतंत्रपणे. "दोन देशांची संयुक्त नोंद" असं विधान दिलं तर ते चूक. जयपूरच्या आसपास तर तीन वेगळ्या नोंदी आहेत: जंतरमंतर, जयपूर शहर, आणि राजस्थानच्या किल्ल्यांमधला आमेर.

म्हणून माझ्या मुलांच्या वहीत प्रत्येक नावापुढे एक रकाना असतो: "तुकडे किती?" बहुतेक ठिकाणी तिथे १ येतो. जिथे येत नाही, तिथून प्रश्न येतो.

महाराष्ट्रातली किती?

सात. अजिंठा आणि वेरूळ (१९८३), घारापुरी (१९८७), छत्रपती शिवाजी टर्मिनस (२००४), पश्चिम घाट (२०१२), मुंबईतली व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह (२०१८), मराठा लष्करी भूप्रदेश (२०२५). यातलं पश्चिम घाट आणि मराठा किल्ले या दोन नोंदी आपण इतर राज्यांबरोबर वाटून घेतो.

फसण्याच्या जागा सांगतो. घारापुरीला बोट गेटवेवरून सुटते, त्यामुळे बेट मुंबईत असं आपण धरून चालतो. प्रशासकीय दृष्ट्या ते रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात आहे. सीएसएमटी हे २०१८ च्या नोंदीचा भाग नाही, ती स्वतंत्र नोंद. २०१८ ची नोंद ओव्हल मैदानाच्या दोन बाजूंची: पूर्वेला उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवरसकट विद्यापीठाच्या गॉथिक इमारती, पश्चिमेला आर्ट डेको. मैदानाच्या मधोमध उभं राहून एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे मान फिरवली की एकोणिसावं आणि विसावं शतक समोरासमोर दिसतं. पश्चिम घाटातली आपली चार क्षेत्रं म्हणजे कास पठार, कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि राधानगरी अभयारण्य. भीमाशंकर त्यात नाही.

मराठा लष्करी भूप्रदेशातले बारा किल्ले कसे लक्षात ठेवायचे?

बाराही एकामागोमाग घोकू नका. नाशिकहून एसटीत बसलात असं समजा. आधी साल्हेर. मग पुणे जिल्ह्यात शिवनेरी, लोहगड, राजगड. घाट उतरून रायगड जिल्ह्यात रायगड आणि थळच्या समोर समुद्रात खांदेरी. पुन्हा वर साताऱ्याला प्रतापगड, कोल्हापूरला पन्हाळा. परत किनाऱ्यावर रत्नागिरी जिल्ह्यातला सुवर्णदुर्ग, मग सिंधुदुर्ग जिल्ह्यात विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. हे अकरा झाले. बारावा तमिळनाडूतला जिंजी.

जिंजी का, असं मुलं हमखास विचारतात. रायगडाला मुघलांचा वेढा पडल्यावर राजाराम महाराज तिथून निघून पुढे जिंजीला गेले आणि मराठ्यांचं राज्य तिथून चाललं. मुघल सरदार झुल्फिकारखानाचा जिंजीला पडलेला वेढा १६९८ पर्यंत रेंगाळला. महाराष्ट्रातला एकही किल्ला ही गोष्ट सांगू शकत नाही. नोंदीच्या नावात "किल्ले" असा शब्द न घेता "लष्करी भूप्रदेश" म्हटलंय, त्याचा अर्थही इथे उलगडतो. सह्याद्रीचा कडा, कोकणातलं जंगल, पठार, किनारा, बेट, दक्षिणेतल्या ग्रॅनाइटच्या टेकड्या, अशी जमीन बदलेल तशी बांधणी कशी बदलली, हा त्या प्रस्तावाचा गाभा आहे. खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे बेटावरचे, विजयदुर्ग किनाऱ्यावरचा, प्रतापगड जंगलातल्या डोंगरावरचा, पन्हाळा पठारावरचा, बाकीचे डोंगरी. जोड्या लावायच्या प्रश्नासाठी हे वर्गीकरण सोन्यासारखं आहे.

सिंहगड, तोरणा, पुरंदर, देवगिरी यांत नाहीत. मनाला पटत नाही, मलाही पटलं नव्हतं, पण परीक्षेत भावनेला गुण नसतात.

नैसर्गिक स्थळं सातच? गीर, ताडोबा, कॉर्बेट कुठे गेले?

सातच: काझीरंगा, मानस, केवलादेव (तिन्ही १९८५), सुंदरबन, नंदादेवी आणि व्हॅली ऑफ फ्लॉवर्स (१९८८, विस्तार २००५), पश्चिम घाट आणि ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान (२०१४). सिक्कीममधलं कांचनजंगा (२०१६) मिश्र गटात, आणि भारतातलं ते एकमेव मिश्र स्थळ. गीर, ताडोबा, कॉर्बेट, कान्हा यांपैकी एकही यादीत नाही. व्याघ्र प्रकल्प म्हणून नावाजलेलं जंगल वारसा यादीत असणारच, हा समज काढून टाका.

रणथंबोर तर छान सापळा आहे. वाघांसाठी जग त्याला ओळखतं, पण यादीत आहे तो तिथला किल्ला, आणि तोही सांस्कृतिक गटात.

"धोक्यातील वारसा" यादीत भारताचं काही आहे का?

सध्या नाही. पूर्वी दोन होती. मानस १९९२ ते २०११, कारण आसामातल्या अशांततेच्या काळात शिकार आणि नासधूस झाली आणि गेंडे जवळजवळ संपले. हंपी १९९९ ते २००६, कारण तुंगभद्रेवर आनेगुंदीकडे जाणारा पूल वारसा क्षेत्रातच बांधायला घेतला होता. (तो पूल पुढे २००९ मध्ये बांधकाम चालू असतानाच कोसळला.) यादीतून कायमचं वगळलं गेलेलं भारतीय स्थळ एकही नाही. जगात अशी तीन: ओमानचं अरेबियन ओरिक्स अभयारण्य (२००७), जर्मनीतलं ड्रेस्डेनचं एल्ब खोरं (२००९) आणि इंग्लंडमधलं लिव्हरपूल (२०२१).

रामसर, अमूर्त वारसा... सगळं एकच वाटतं.

वाटणारच, कारण बातमीत सगळ्यांपुढे "जागतिक दर्जा" असंच लिहिलेलं असतं. प्रत्येक यादीच्या मागे काय आहे ते धरा. जागतिक वारसा यादी जागांची, तिचा करार १९७२ चा, भारताने तो १९७७ ला मान्य केला. अमूर्त वारसा यादी परंपरांची, करार २००३ चा: योग (२०१६), कुंभमेळा (२०१७), कोलकात्याची दुर्गापूजा (२०२१), गुजरातचा गरबा (२०२३), दीपावली (२०२५). रामसर पाणथळ जागांसाठी, १९७१ चा करार, इराणमधल्या रामसर गावाच्या नावावरून; युनेस्कोच्या वारसा यादीशी त्याचा संबंध नाही. मेमरी ऑफ द वर्ल्ड ही दस्तऐवजांची नोंदवही. पुण्याच्या भांडारकर संस्थेतली ऋग्वेदाची हस्तलिखितं २००७ ला तिच्यात गेली.

आता स्वतःला तपासा. लोणार? रामसर, २०२०, जागतिक वारसा नाही. केवलादेव? दोन्ही. नाशिक? शहर कुठल्याच यादीत नाही, पण तिथला कुंभमेळा अमूर्त वारशाच्या नोंदीत येतो.

निकष पाठ करायचे का? आणि हे सगळं ठरवतं कोण?

निकष दहा आहेत. पहिले सहा सांस्कृतिक, शेवटचे चार नैसर्गिक, आणि मिश्र स्थळाला दोन्हींकडचे लागतात. एवढं पुरे. फार तर ताजमहाल फक्त पहिल्या निकषावर, म्हणजे मानवी प्रतिभेची सर्वोच्च कलाकृती म्हणून नोंदला आहे, हे ठेवा.

निर्णय घेते २१ देशांची समिती. तिला सांस्कृतिक प्रस्तावांवर आयकोमॉस (स्मारकं आणि स्थळांसाठीची आंतरराष्ट्रीय परिषद) आणि नैसर्गिक प्रस्तावांवर आययूसीएन (निसर्ग संवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना) सल्ला देते. प्रस्ताव पाठवण्याआधी जागा निदान वर्षभर देशाच्या संभाव्य यादीत असावी लागते. कोकणातली कातळशिल्पं आणि पाचगणी-महाबळेश्वरचा दख्खनचा बेसाल्ट या संभाव्य यादीत आहेत. वर्तमानपत्रात "युनेस्कोच्या यादीत समावेश" असा मथळा आला की कुठल्या यादीत, हे बातमीच्या तिसऱ्या परिच्छेदापर्यंत जाऊन बघा.

राज्यघटनेचा धागाही इथेच जोडून घ्या: अनुच्छेद ४९ मध्ये राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचं रक्षण, ५१क (च) मध्ये संमिश्र संस्कृतीच्या वारशाचं जतन हे मूलभूत कर्तव्य. केंद्रीय संरक्षित स्मारकांसाठी १९५८ चा कायदा आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र ठरलं.

मुख्य परीक्षेत वर्णनात्मक उत्तर लिहायचं तर यादीचा काय उपयोग?

यादीचा काही नाही, स्थळाचा आहे. "अजिंठा ही जगप्रसिद्ध लेणी असून ती आपल्या वैभवशाली परंपरेची साक्ष देते" असं लिहिलेल्या वह्या मी ढिगाने तपासल्या आहेत. तपासणाऱ्याच्या हाती त्यातून काहीच लागत नाही.

त्याऐवजी असं बघा. वाघोरा नदीच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणावर तीसेक लेणी आहेत, पण ती दोन वेगळ्या काळांतली. ९ आणि १० क्रमांकाची चैत्यगृहं (बौद्ध प्रार्थनागृहं) इसवी सनापूर्वीची, जिथे बुद्ध मूर्तिरूपात नसून स्तूपाच्या रूपात आहे. मग मधे काही शतकं शांतता. पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात पुन्हा काम सुरू झालं, आणि आता १९ व्या लेण्यात स्तूपावरच बुद्धाची मूर्ती कोरलेली दिसते. एकाच कड्यात बौद्ध विचारातला बदल दगडात उतरलाय. सोळाव्या लेण्यातला हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा लेख सांगतो की दान राजदरबारातून येत होतं. चित्रं ओल्या गिलाव्यावरची नाहीत, कोरड्या गिलाव्यावर रंग बांधून काढलेली आहेत. म्हणूनच ओल आणि माणसांचे श्वास त्यांना बाधतात, आणि तिथून तुम्ही जतनाच्या मुद्द्यावर सहज येता. मग वेरूळशी तुलना: ३४ लेणी, १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन, आणि सोळावं कैलास राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या काळातलं, कळसापासून पायाकडे कोरत आणलेलं.

अशी पाच-सहा स्थळं खोलवर करा. माझी निवड: अजिंठा, वेरूळ, हंपी, धोलावीरा, मराठा किल्ले, पश्चिम घाट. धोलावीरा घेण्याचं कारण पाणी. कच्छच्या रणातल्या खदिर बेटावर हडप्पाकालीन लोकांनी बांध आणि दगडी टाक्यांनी पावसाचं पाणी साठवलं. हा एक मुद्दा इतिहास, भूगोल आणि जलव्यवस्थापन या तिन्ही प्रश्नांत चालतो.

प्रत्यक्ष जाऊन बघणं गरजेचं आहे का?

गरजेचं नाही, पण एक जागा नीट पाहिली की बाकीच्या वाचताना डोळ्यांपुढे येतात. जाणार असाल तर वार बघून जा. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. मी मंगळवारी पहाटेची गाडी पकडून वेरूळला पोहोचलो होतो. दिवसभर फाटकाबाहेर उसाचा रस पिऊन परत आलो. लेण्यात शिरलात की आधी खांब आणि छत बघा, मूर्ती नंतर. आणि फलकावरचा लेण्याचा क्रमांक वहीत टिपा, नाहीतर घरी आल्यावर मोबाइलमधले दोनशे फोटो एकसारखे दिसतात.

परीक्षेला आठवडाच उरलाय. आता काय वाचू?

नवीन काही उघडू नका. भारताचा कोरा नकाशा घ्या आणि आठवतील तितकी नावं जागेवर लिहा. पहिल्या खेपेला बहुतेकांची तीसच्या आसपास येतात, आणि गाळलेली सहसा हीच असतात: पट्टदकल, चांपानेर-पावागड, ग्रेट हिमालयन, रामप्पा. राहिलेली लाल शाईने भरा. दुसऱ्या दिवशी नवा नकाशा. तिसऱ्या दिवशी फक्त लाल शाईतली नावं आणि "तुकडे किती" चा रकाना.